गलबतावरचा मान

“नाळेक बांध. कुशीक नको,” आबा पडवीतून म्हणाले.

“नाळेकच बांधतंय.”

“वढून बघ.”

“वढलंय. तीनदा वढलंय. आता नाळच हातात येतली.”

आबा हसले. अंगावरून वारं गेल्यापासून त्यांचं हसू एकाच गालावर उमटे. मी दोराचं वेटोळं होडीच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकाशी, नांगराशेजारी ठेवलं आणि उंबऱ्यावर टेकले. ते दिवसच तसे होते. एकदा टेकलं की उठावंसं वाटत नसे.

आबा म्हणजे माझे सासरे, धाकू मालंडकर. त्यांची खाट मी पडवीत दाराशी ओढून ठेवली होती. खाडी तिथून दिसत नसे, पण अंगण दिसे, आणि अंगणात आमची पिवळी कयाक. जुनी लाकडी होडी कुसली तेव्हा माझ्या नवऱ्याने, उदयने, किनाऱ्यावरच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून ही प्लास्टिकची आणून दिली होती. आबा तेव्हा हिंडते-फिरते होते. “ही होडी नाय, आंघोळीचा टप हा,” असं म्हणून आठ दिवस त्यांनी तिला हात लावला नाही. नवव्या दिवशी तिच्यातूनच गळाने भलीमोठी तांबोशी धरून आणली. पुढे ते खाटेवर पडले आणि वल्हं माझ्या हाती आलं. कालवणापुरते मासे मीच आणू लागले.

आमच्या आडबंदरच्या देवीची पालखी वर्षातून एकदा खाडी ओलांडून पलीकडे बहिणीच्या भेटीला जाते. खाडीच्या मध्यावर पाण्याखाली एक गलबत आहे. आबांच्या आजोबांच्या काळात कौलं भरून येताना ते बुडालं. कौलं गाळात गेली, पण फासळ्या आणि मोडक्या डोलकाठीचा खुंट पाण्याखाली तसाच उभा राहिला. ओहोटीलाही तो दिसत नाही. त्याने होड्यांचे तळ फाडले, माणसंही नेली. जिकडून नदी येते त्या वरच्या अंगाला वाळूचा दांडा आहे, त्यामुळे वाट काय ती गलबत आणि दांडा यांच्या मधून. म्हणून मालंडकरांच्या घरातल्या एकाने लहान होडी घेऊन गलबतावर उभं राहायचं, आणि पालखीच्या होडीने त्याच्या वरच्या अंगाने, अगदी चिकटून पलीकडे जायचं. गावात नवी सून खाडीवरून आली तरी हाच रिवाज. याला गलबतावरचा मान म्हणतात. पालखीच्या होडीतून मानाचा एक नारळ फेकतात, बाकी काही मिळत नाही. एरवी त्या जागेकडे कुणी फिरकत नाही. तिथे जाळं टाकत नाहीत, पोरंसुद्धा पोहत तिकडे जात नाहीत.

आबांच्या आजारपणात दोन वर्षं उदय रजा काढून येत राहिला. तो पनवेलला एका गोदामात कामाला होता. त्या वर्षी त्याला रजा मिळाली नाही. गावचे प्रमुख मानकरी गावकर बराच विचार करून म्हणाले, सुनेने उभं राहायला हरकत नाही, देवी पण बाईच आहे.

“वैनी, इलंय गो,” अंगणातून हाक आली. जयवंत, माझा चुलत दीर. पालखीची इंजिनाची होडी त्याची, सुकाणूवरही तोच. कयाकीला त्याने पायाने जरा हलवून पाहिलं. “ह्याच्यात उभा रवता येयत नाय. म्हणजे यंदाय उभ्या मानाचो बसकोच मान.”

“तुमका काय, भावजी? देवीक बसान चालता, तुमका चालणा नाय?”

“चालता गो बाये.” तो हसला आणि मला जरा बाजूला, माडाखाली घेऊन गेला. आवाज उतरवला. “मगे काय ठरवलंस?”

ठरवायचं काय ते मला ठाऊक होतं. पावसाळ्यापासून तो म्हणत होता. आबांना मी नेतो, माझ्या घरात माणसं भरपूर, कुणी ना कुणी त्यांच्याजवळ असेल. तू जा पनवेलला. नवरा तिकडे, तू इकडे, हा काय संसार? फक्त एक. आबा ज्या घरात, मान त्या घरात. गावाची रीत तशीच होती. त्यात खोटं काही नव्हतं. जयवंत माणूस चांगला होता, आणि मान त्याला मनापासून हवा होता.

“पालखी होवने,” मी म्हटलं. “संध्याकाळी सांगतंय.”

पण आतून माझं ठरलं होतं. पत्र्याच्या पेटीत चार साड्या घडी करून ठेवल्या होत्या. आबांना रात्रीतून दोनदा कूस बदलून द्यावी लागे, भांडं द्यावं लागे, चादरी पिळाव्या लागत. गड्यासारखं थोराड अंग ते. पहाटे आरशात पाहिलं तर माझीच मला ओळख पटत नसे. मी त्यांच्यावर रागावलेली नव्हते. दमले होते, एवढंच. हे शेवटचं करायचं आणि सुटायचं.

निघताना आबांना पेज भरवली. शेजारच्या काकूंना त्यांच्याजवळ बसवलं.

“नांगर गलबतावर टाकू नको हां,” आबा म्हणाले. “समुद्राच्या बाजूक टाक, चिखलात. भरतीचा पाणी तुका आपसूक मागे नेयत. दोर सोडीत रव. कळस त्या जोडमाडांच्या फटीत दिसलो की दोर बांध. तीच जागा.”

“आणि गलबतावर टाकलो तर?”

“अडाकतलो. मगे पाणी चढता, दोर आखूड पडता, नाळ खाली जाता. आणि पाणी फिरला तर उचल तो. नांगर वाट बघूक असता. उभा आपण रवायचा असता.”

“पाणी कशाक फिरतला? पालखी भरतीत निघता.”

आबांनी चालत्या हाताने मला निघायची खूण केली.

दुपार कलताना मी पाण्यात गेले. सांगितल्याप्रमाणे समुद्राच्या अंगाला नांगर सोडला. तो चिखलात बसला. भरतीने कयाक मागे मागे नेली. मी दोर सोडत राहिले. देवळाचा कळस दोन जोडमाडांच्या फटीत नेमका येऊन बसला तेव्हा दोर नाळेला पक्का केला. कयाक थांबली. खाली गलबत. मी पाण्यात वाकून पाहायचं टाळलं.

मी मूळची पाण्याची नव्हे. माझं माहेर कणकवलीच्या वर, डोंगरात. पाणी म्हणजे विहिरीतलं. लग्न होऊन आले ती याच खाडीवरून. होडीत बायका गाणी म्हणत होत्या, आणि कुणीतरी गमतीत म्हणालं, आता गलबत येतला, नव्या सुनेक विचारून जाता. मला रडू फुटलं. पदर तोंडाला लावला, पण हुंदके थांबेनात. वाटलं, बापाने पोरीला बुडवायला दिलंय. तेवढ्यात पुढे पाण्याच्या मधोमध एक माणूस दिसला. लहानशा होडीत सरळ उभा, एक हात वर केलेला. आजूबाजूला सगळं पाणी हलत होतं, तोच काय तो हलत नव्हता. आम्ही त्याच्या इतक्या जवळून गेलो की त्याच्या पांढऱ्या मिशा दिसल्या. उदय कानात म्हणाला, माझे वडील. माझं रडणं थांबलं. सासऱ्यांचं मला झालेलं पहिलं दर्शन ते असं, भर पाण्यात.

देवळात कीर्तन सुरू झालं होतं. कीर्तनाच्या वेळी मी एरवी बायकांत पहिल्या रांगेत, टाळकऱ्यांच्या मागे बसे. त्या वर्षी साटमबुवा यायचे होते आणि मी पाण्यात. पण कर्णा खाडीच्या बाजूला लावलेला होता. वारा आला की बुवा अगदी शेजारी येऊन बोलत, गेला की दूर जात. नमन झालं. पहिलं पद झालं. बुवांचा आवाज भारदस्त नव्हता, जरासा फाटकाच होता, पण त्यात माया होती. पाठ टेकून मी डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी मला कुणी हाक मारत नव्हतं.

“आमचा पांडुरंग काय करतो?” बुवा विचारत होते. “धावतो का? नाही. धंदा करतो का? नाही. कमरेवर हात ठेवून उभा. एक माउली मला म्हणाली, बुवा, आमच्या घरातला पण तसाच. नुसता दारात उभा असतो, काडी इकडची तिकडे करत नाही.”

सगळा मांडव हसला. पाण्यावर एकटीच बसलेली मीही हसले. “मी तिला म्हटलं, माउली...” आणि वारा पडला. बुवांनी तिला काय उत्तर दिलं ते माझ्यापर्यंत आलंच नाही. टाळ्या मात्र कडकडून आल्या.

मध्यंतरात बुक्का लावला गेला असेल. मग आख्यान लागलं, आणि रंगलं. रंगलं की बुवांना वेळ राहत नाही आणि ऐकणाऱ्यांनाही. आरती होणार असं वाटलं तेवढ्यात गावकरांचा आवाज आला, “बुवा, ता मघाचा पद परत एकदा होवने.” बुवांनी घेतलं. मग बायकांनी आणखी एक मागितलं. आमचं गाव असंच. पाण्याच्या वेळेवर ज्यांचं पोट, तीच माणसं कीर्तनात पाण्याची वेळ विसरतात. माझी तक्रार नाही. मी मांडवात असते तर मीच पहिली म्हटलं असतं, बुवा, आणखी एक.

डोळे उघडले ते ताशाच्या आवाजाने. पालखी उठली होती. सवयीने मी कळसाकडे पाहिलं. कळस माडांच्या फटीत नव्हता. माडांच्या पुष्कळ बाहेर, उघड्या आभाळात होता.

आधी वाटलं, नांगर सुटला. दोर ओढला तर तो घट्ट. मग पाण्यावरून वाहत जाणारी सुकी झावळ दिसली. ती समुद्राकडे चालली होती. पाणी फिरलं होतं, ओहोटी लागली होती, आणि नांगराभोवती गोल घेऊन कयाक त्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी होती. गलबत मागे राहिलं होतं, दुप्पट दोराच्या अंतरावर. आता जयवंत नेहमीप्रमाणे माझ्या वरच्या अंगाने जाणार म्हटलं तर थेट त्या खुंटावर जाणार होता. होडीत पालखी, ताशेवाले, निम्मं गाव, बायका, कडेवरची पोरं.

मी नांगर वर घेतला. आबांनी सांगितलं होतं ते तेव्हा आठवलं, की नुसते हात चालले, आता सांगता येत नाही. चिखलाने माखलेला नांगर मांडीवर पडला. नाळ वरच्या अंगाला वळवली आणि वल्हं मारायला लागले. ओहोटीला नुकता जोर चढू लागला होता. दहा वल्ही मारावीत आणि दोन हात पुढे सरकावं, असं चाललं. कळस माडांकडे सरकत होता, पण किती हळू. खांद्यात आग लागली. ते दुखणं ओळखीचं होतं, रोज रात्री आबांना उचलताना याच जागी कळ येई.

अखेर कळस फटीत शिरला. पण आता थांबायचं कसं? वल्हं थांबलं की कयाक खाली सरके. तोवर जयवंतचं इंजिन सुरू झालं होतं. होडी किनाऱ्यावरून सुटली.

माझ्या हातांतली ताकद संपली होती. तेव्हा जे करायचं नाही म्हणून बजावलं होतं तेच केलं. नांगर तिथेच, सरळ खाली, गलबतावर सोडला. म्हटलं, अडकू दे. पाणी उतरतंय, नाळ खाली जायची नाही, आणि अडकलाच तर उद्या कापून काढू. आता मला अडकायलाच हवं होतं.

दोर खाली गेला. आणखी खाली गेला. कशालाच लागला नाही. मग हाताला तळ कळला. मऊ. दोर ताणला गेला आणि नांगर लोण्यातून सुरी जावी तसा चिखलातून फरफटत आला.

वर घेतला, वल्हं मारलं, पुन्हा जागेवर आले, पुन्हा सोडला. एकदा थोडा डावीकडे, एकदा उजवीकडे. फासळी नाही, खुंट नाही, कौलाचा तुकडा नाही. चिखल.

खाली काहीच नव्हतं.

इंजिन जवळ येत होतं. मी वल्हं मांडीवर घेऊन क्षणभर तशीच बसले. कयाक खाली घसरू लागली. घसरली असती तरी आता कुणाचं काही बिघडणार नव्हतं. डावीकडून जा, उजवीकडून जा, सगळीकडे पाणीच. मग होडीकडे लक्ष गेलं. जयवंतने इंजिन हळू केलं होतं. सुकाणूवर उभा राहून तो मान लांब करून मला शोधत होता. ताशे थांबले होते. गलबत आलं की ते थांबतात. बायकांनी पोरं घट्ट धरली होती. सगळ्या होडीचे डोळे माझ्यावर होते.

मी वल्हं उचललं.

कशी मारली ठाऊक नाही. कळस पुन्हा फटीत आणला. एका हाताने वल्हं पाण्यात दाबून धरलं आणि दुसरा वर केला. कयाक सरकली की दोन्ही हातांनी वल्हं मारायचं, जागेवर आली की पुन्हा हात वर. होडी माझ्या वरच्या अंगाने, इतक्या जवळून गेली की तिच्या लाटेने मी भिजले. एका म्हाताऱ्या बाईने पालखीला जोडलेले हात तसेच माझ्याकडे वळवले. ताशे पुन्हा वाजू लागले. नारळ माझ्या पुढ्यात पाण्यात पडला, तो वाहून जायच्या आत वल्ह्याने ओढून घेतला.

घरी आले तेव्हा दिवेलागण होत होती. काकू उठून गेल्या. मी ओल्या साडीनेच आबांच्या खाटेशी जमिनीवर बसले. नारळ त्यांच्या उशाशी ठेवला. त्यांनी चालत्या हाताने तो चाचपला.

“उशीर झालो,” ते म्हणाले. “पाणी फिरला असतला.”

“फिरला.”

“उचललंस नांगर?”

“उचललंय.” मी मांडीवरचा चिखल खरवडला. “मगे परत टाकलंय. गलबतावर.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“आबा, थय काय नाय.”

अंगणात कोंबड्या खुराड्यात शिरत होत्या. आबांनी डोळे मिटले आणि उघडले.

“नाय,” ते म्हणाले.

“तुमका ठावक होता?”

“माझोय नांगर तसोच इलो होतो. फरफटत. कुसान गेला गो ता. मोठ्या उधाणात रवला-सवला व्हावान गेला.”

“कधी?”

“उदयो शाळेत चवथीत होतो तेव्हा.”

ते ऐकून मी मनात हिशेब मांडला. दमलेल्या डोक्याला तो लवकर जमेना. जमला तेव्हा मी ताठ बसले.

“म्हणजे माझ्या लग्नाक...”

“हां.”

“तेव्हाय थय काय नव्हता.”

“नव्हता.”

“मगे तुमी कित्याक उभे रवलात?”

आबांच्या एका गालावर हसू आलं. जीभ जड होती, शब्द एकेक करून येत होते.

“तू रडत होतंस मगो. पदर तोंडाक लावन. लांबसून दिसत होता.”

माझ्या ओल्या पदराचं पाणी जमिनीवर ठिबकत होतं. आबांनी मान दुसरीकडे वळवली आणि छपराकडे बघत म्हणाले, “जयवंताक हो म्हणान सांग. माका कळला ता. दमलंस तू. जा पनवेलाक.”

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. जयवंत पलीकडून परतला होता, कपाळाला गुलाल, हातात प्रसादाचा द्रोण. तो पायरीवरच थांबला.

“वैनी, बरी उभी रवलंस हां. मी म्हटलंय, ओहोटीक ही काय टिकणा नाय.” मग आबांकडे चोरून बघत हळूच म्हणाला, “नांगर टाकलेलो दिसलो माका. गलबतावरच टाकलंस काय? अडाकलो नाय?”

आबा छपराकडेच बघत होते.

“अडाकलो होतो,” मी म्हटलं. “नशीब म्हणान सुटलो.”

“देवीन राखल्यान,” जयवंत म्हणाला. “असता थय ता मेला अजून. बरा, तुझा काय ठरला?”

मी द्रोण घेतला. त्यातला पेढा मोडून बारीक केला आणि आबांच्या तोंडाच्या चालत्या बाजूला ठेवला. ते चघळू लागले. त्यांची कूस बदलायची वेळ झाली होती. मी त्यांच्या पाठीखाली हात घातला, खांद्यात तीच कळ आली, आणि त्यांना वळवता वळवता म्हटलं,

“भावजी, तुमच्याकडे एखादो जड नांगर असलो तर ठेवा माका. ह्यो हलको पडता. पुढच्या वर्साक लागतलो.”

जयवंतने उशाशी ठेवलेल्या नारळाकडे पाहिलं. मग “बघतंय,” म्हणाला आणि गेला.

आबांना मी भिंतीकडे वळवलं होतं, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. त्यांचा चालता हात मात्र मागे येऊन चाचपडत माझ्या मनगटाशी पोहोचला आणि तिथेच राहिला. चादरी पिळायच्या होत्या, चूल पेटवायची होती. मी तशीच बसून राहिले.